वजीर फुकट का दिला?

बुद्धिबळाचं कोडं आहे: दोन खेळ्यांत मात करायची. शह देऊन बघा, राजा निसटतो. मोहरा मारून बघा, मात एका खेळीने हुकते. मग सगळे मार्ग संपल्यावर नजर जाते एका वेड्यासारख्या खेळीकडे: वजीर सरळ प्याद्याच्या तोंडी द्यायचा. आणि कोडं सुटतं.

तो सुटण्याचा क्षण मला फार प्रिय आहे. तो घडवणं अवघड काम. उत्तराची पहिली खेळी एकच हवी, शक्यतो ती शहाची किंवा मारामारीची नको, आणि पटावर एकही प्यादं बिनकामाचं नको.

१९५१ साली मँचेस्टरमध्ये डीट्रिश प्रिन्झ यांनी फेरांटी मार्क १ या संगणकाकडून दोन खेळ्यांत मात करण्याची कोडी सोडवून घेतली. पूर्ण डाव खेळण्याची त्या यंत्राची ताकद नव्हती. एकेक खेळी तपासत जायचं, एवढंच त्याला जमत होतं.

सोडवणं जमलं, पण रचायचं कसं? मलेशियातले संशोधक अझलान इक्बाल यांचा चेस्थेटिका हा प्रोग्रॅम कोडी स्वतः रचतो आणि त्यांच्या सौंदर्याला गुणही देतो. इक्बाल यांच्या पद्धतीत बुद्धिबळाच्या रचनांबरोबर चित्रं आणि संगीत यांच्यातले गुणधर्मही मिसळता येतात. कल्पना धाडसी आहे, आणि म्हणूनच मला आवडते.

२०२५ मध्ये गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी थेट आश्चर्यच मोजायला घेतलं. त्यामागचा विचार असा: इंजिनाने, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमने, वरवर पाहिलं तर खेळी चुकीची वाटली पाहिजे, खोलवर पाहिलं तर तीच एकमेव ठरली पाहिजे. या दोन मतांत जितकं अंतर, तितकं आपण चकतो. अशा कोड्यांसाठी कोडी रचणाऱ्या प्रोग्रॅमला बक्षीस देत शिकवलं. आधी त्याने रचलेल्या कोड्यांपैकी ०.२२ टक्के अशी चकवणारी असत, शिकल्यावर २.५ टक्के. बक्षिसाच्या मागे लागून यंत्र एकच युक्ती घोटत बसू नये, म्हणून सारख्या दिसणाऱ्या रचना गाळाव्या लागल्या.

शंभरातली अडीच! यंत्राने रचलेल्या ढिगातून वेचून एक पुस्तिका झाली. ती गेली रचनांचे जाणकार अमात्झिया अवनी, ग्रँडमास्टर जोनाथन लेविट आणि मॅथ्यू सॅडलर यांच्याकडे. तिघांनी आपापली आवडती कोडी निवडली. ती का आवडली, हे मात्र त्यांनाच लिहावं लागलं.