दोन सेवापुस्तकं, एक शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला एका शिक्षक जोडप्याविषयी सांगणार आहे. दोघंही आता नाहीत. गुरुजी गेले आणि त्याच वर्षी बाईही गेल्या. मी त्यांना गुरुजी आणि बाईच म्हणणार, कारण नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर त्यांना दुसऱ्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही. मी त्याच केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या त्याच गटात, शेजारच्या पाड्याच्या शाळेवर शिक्षिका होते. नोकरीची माझी पहिली वर्षं त्या दोघांच्या आधारानं गेली, म्हणून हे बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं मी समजते.

गुरुजी निफाडकडचे, द्राक्षबागांच्या गावातले. बाई बागलाणच्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. लग्न झालं तेव्हा दोघंही जिल्हा परिषदेच्या नोकरीत होते, पण जिल्ह्याच्या दोन टोकांना. गुरुजी पेठला, बाई सटाण्याच्या बाजूला. पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज दर वर्षी जायचा आणि दर वर्षी राहून जायचा. दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, एवढाच काय तो एकत्र संसार. बाकी पत्रं. बाई गेल्यावर त्यांच्या लेकीनं ती अंतर्देशीय पत्रं मला वाचायला दिली. नव्या नवरा-बायकोची पत्रं म्हणून मी जरा संकोचानंच उघडली. पहिल्याच पत्रात बाईंनी लिहिलंय की, जोडाक्षरं एकदम शिकवू नका, आधी मुलांच्या तोंडातले शब्द गोळा करा, त्यातली जोडाक्षरं तेवढी फळ्यावर घ्या. खाली एका ओळीत तब्येतीची चौकशी. गुरुजींच्या उत्तरात, ते करून पाहिलं, चौघं वाचायला लागले, असं आहे. आणि मग, तुझा खोकला कसा आहे. त्या दोघांचं एकमेकांवर किती प्रेम होतं ते मला त्या पत्रांत पुरेपूर दिसलं.

गुरुजींची शाळा एकशिक्षकी होती. चार वर्ग, एक खोली, एक माणूस. पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळायचं, म्हणून पहिली-दुसरीला मधे बसवायचं. १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, आणि पाठोपाठ १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक, आणि त्यांतली एक शक्यतो बाई, असं त्या मोहिमेत ठरलं होतं. दिल्लीत झालेल्या त्या निर्णयानं या दोघांचा संसार जुळला. शाळेला दुसरं पद मंजूर झालं, बाईंनी त्यासाठी अर्ज केला, आणि सामानाची एक पेटी नि शिलाई मशीन घेऊन त्या पाड्यावर आल्या. शाळा द्विशिक्षकी झाली. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे.

आणि तिथून पुढं भांडणंही सुरू झाली! शाळेविषयीची. गुरुजींचा पाढ्यांवर भर. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढेसुद्धा पाठ हवेत. बाई चिंचोके मांडायच्या, गठ्ठे करायला लावायच्या, मग पाढा. तुमच्या वर्गातून आलेली पोरं फार बोलतात, ही गुरुजींची नेहमीची तक्रार. बाई म्हणायच्या, बोलतात म्हणजे घाबरत नाहीत, आता त्यांना गप्प बसवू नका म्हणजे झालं. पाड्यावरच्या मुलांची घरची बोली कोकणा. बाईंनी ती वर्षभरात कानावर पाडून घेतली. पहिलीतलं मूल त्याच्या बोलीत उत्तर देई, बाई ते मान्य करत आणि तेच मराठीत पुन्हा म्हणत. आज बोलीभाषेतून शिकवण्याविषयी प्रशिक्षणं होतात. बाईंना ते कुणी शिकवलं नव्हतं. स्वतः अहिराणीतून शाळेत गेलेली मुलगी होती ती, तिला ते ठाऊक होतं.

श्रोतेहो, पेठ-सुरगाण्याकडची शाळा चालवायची म्हणजे काय, ते शहरात बसून लवकर कळत नाही. पावसाळ्यात आवणी, म्हणजे भाताची लावणी लागली की मोठी पोरं शेतावर, आणि त्यांची धाकटी भावंडं सांभाळायला मुली घरी. दिवाळी झाली की घरंच्या घरं उठून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर कामाला. छाटणीपासून काढणीपर्यंत तिकडेच. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढत जायच्या.

मुली यायच्या नाहीत, त्याला बाईंनी साधा उपाय काढला. भावंडाला घेऊन या, असं सांगितलं. ओट्यावर गोधड्या अंथरल्या, तिथं पाच-सहा बाळं लोळत असत आणि बहिणी आत शिकत. तपासणीला आलेल्या एका साहेबांना ते आवडलं नाही. गुरुजींनी शांतपणे हजेरीपट पुढं केला आणि मुलींची हजेरी दाखवली. पुढं १९९२ पासून सरकारनं आदिवासी भागातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. १९९५ पासून ज्यांची हजेरी चांगली त्यांना महिन्याला ३ किलो तांदूळ मिळू लागला. त्या रुपयाचा आणि त्या तांदळाचा उपयोग झाला, मी डोळ्यांनी पाहिलाय. पण ओट्यावरची गोधडी त्याच्या आधीची.

आणि बागांवर गेलेली मुलं? इथं गुरुजींचं निफाड कामाला आलं. रविवारी ते एसटीनं खाली उतरायचे. कुठल्या बागेवर कोणतं कुटुंब आहे ते त्यांच्या वहीत लिहिलेलं असायचं. बागमालक ओळखीचे, काही नात्यातले. झोपडीशी जाऊन आईबापांना म्हणायचे, पोराला माझ्याबरोबर पाठवा. आईबाप विचारत, गुरुजी, खाईल काय आणि झोपेल कुठं? त्याचं उत्तर गुरुजींच्या हातात नव्हतं, बाईंच्या हातात होतं. तेव्हा दोघांनी ठरवलं होतं की उत्तर 'आमच्याकडे' असंच द्यायचं. दर हिवाळ्यात त्या दोन खणांच्या घरात सात-आठ मुलं असायची. नागलीची भाकर, उडदाची आमटी, रात्री कंदिलापुढं वाचन. पुढं सर्व शिक्षा अभियानात हंगामी वसतिगृहं निघाली, स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी. सरकारी कागदावर ती कल्पना आली तेव्हा बाईंच्या चुलीवर ती कितीतरी हिवाळे शिजून झालेली होती.

हे काम नेमकं कुणाचं म्हणायचं? गुरुजींचं की बाईंचं? मी खूप विचार केलाय यावर. मला ते दोन हिश्श्यांत तोडता येत नाही.

चौथी नंतरची गळती घ्या. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला केंद्रशाळेत नाहीतर आश्रमशाळेत जायचं. मुलगी चौथी पास व्हायची आणि तिचा दाखला शाळेतच पडून राहायचा, कारण न्यायला कुणी यायचंच नाही. तिथं तिचं शिक्षण संपायचं, कुणी काही न बोलता. गुरुजींनी दाखल्यांची वाट बघणं सोडलं. जूनमध्ये दाखले स्वतः पिशवीत घालून निघायचे, पाचवीच्या शाळेत नाव घालूनच परत यायचे. पण बापानं हो म्हटलं तरी आई नाही म्हणायची. वयात येणारी पोर, वाट रानातली, आश्रमशाळेत मुक्काम. आईच्या मनातलं ते भय गुरुजींना कुणी सांगणार नव्हतं. संध्याकाळी बाई जायच्या, चुलीपाशी बसायच्या, भाकरी थापू लागायच्या. पहिल्या दिवशी शाळेचा विषयही नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईच तोंड उघडायची. मग शाळा उघडली की पहिला आठवडा बाई मुलींबरोबर पायी जायच्या, एखाददुसऱ्या आईलाही सोबत घ्यायच्या, वाट आणि शाळा दाखवायला. तोवर पाड्यावर चारही वर्ग गुरुजी सांभाळायचे. त्या मुलींतल्या काही आज परिचारिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, एक माझ्याच जागेवर शिक्षिका म्हणून आली.

सेवापुस्तक काढून बघा. दोघांची वेगवेगळी. नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली. त्यात दाखल्यांची पिशवी नाही, चूल नाही. कुणाच्या भरवशावर कोण घराबाहेर पडलं, हे लिहायला रकाना नाही. गुरुजींना एकदा आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव भरायला सांगितलं. प्रस्तावात नाव एकाचंच घालायचं होतं. त्यांनी तो कोराच परत केला. माझ्या मते त्यांनी योग्य केलं.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवातच एका जोडप्यानं झालीय. १८४० मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंचं लग्न झालं आणि १८४८ मध्ये पुण्याला भिडे वाड्यात मुलींची शाळा. १८९० मध्ये जोतीराव गेले तोवर त्यांचा पन्नास वर्षांचा संसार झाला होता. त्या दोघांची नावं आपण एका श्वासात घेतो. मग आपल्या तालुक्यातल्या, आपल्या डोळ्यांसमोरच्या जोडप्यांची का घेत नाही?

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर होणार नाही. गुरुजी-बाईंची स्वतःची दोन मुलं चौथीपर्यंत त्याच शाळेत शिकली आणि मग नाशिकला आत्याकडे राहिली. बाई मला एकदा म्हणाल्या, "लोकांची पोरं माझ्या घरी निजतात आणि माझी दुसऱ्याच्या घरी." त्या रडल्या नाहीत, पण त्यानंतर बराच वेळ बोलल्याही नाहीत. ती किंमत होती आणि ती त्यांनी जाणून मोजली. त्यांच्या लेकीनं परवा मला सांगितलं की लहानपणी तिला पाड्यावरच्या मुलांचा राग यायचा. आता त्यातलीच काही तिला राखीला येतात.

निवृत्तीनंतर दोघं नाशिकला पेठ रोडवर राहायला आले. पेठची एसटी जिथून जाते तोच रस्ता त्यांनी धरला. कुणी सिव्हिल हॉस्पिटलला आलं, कुणी केटीएचएम कॉलेजच्या प्रवेशाला, कुणी पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला, की मुक्काम ठरलेला. वय झालं, बाईंचे गुडघे गेले, तरी जास्तीच्या गोधड्या घड्या घालून तयार असत. गुरुजी आलेल्याचे अर्ज भरून देत. बाई विचारत, घरी कोण कोण शिकतंय, धाकटीला पाचवीला घातलं का?

आता माझी एक विनंती आहे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांच्या कार्यालयात एक फलक असतो, आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांचा आणि त्यांच्या कार्यकाळाचा. पाड्यावरच्या शाळेतही आहे. त्यावर गुरुजींचं नाव आहे, बाईंचं नाही, कारण मुख्याध्यापकपद गुरुजींकडे होतं. आम्ही काही जुन्या सहकाऱ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज दिलाय की शाळेत शिकवून गेलेल्या सगळ्या शिक्षकांचा दुसरा फलक लावावा. खर्च आम्ही करतोय. समितीनं होकार दिलाय, जुन्या नोंदींतून नावं काढायचं काम चालू आहे. श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी आपल्या गावच्या समितीवर असेल तर तुमच्याही शाळेच्या कपाटातली जुनी हजेरीपत्रकं काढा, म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि असा एक फलक लावा. नावं जितकी लवकर विचाराल तितकी जास्त मिळतील.

नमस्कार.