आमची माय

हा फोटो जरा हललेला आहे, चालवून घ्या, माय एका जागी उभी राहील तर शप्पथ. पप्पा माय म्हणायचे म्हणून आम्ही नातवंडं पण मायच म्हणायचो.

गाव नवापूर तालुक्यातलं. जिल्हा आता नंदुरबार, 1998 च्या आधी धुळेच होता. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, लोक तिथे उतरून रील बनवतात, पण मायसाठी बॉर्डरपलीकडे म्हणजे कोयता. दिवाळी झाली की आजोबा आणि ती ऊसतोडीला बारडोलीकडे निघायचे, पप्पा कडेवर. तिकडे रविवार वगैरे काही नसतो, तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, कारखाना थांबत नाही. मग ही रविवारी रात्री पडावावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तळावर, दिवसभर मोळ्या उचलून आल्यावर, चार बायकांना गोळा करायची, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, झाली उपासना. थकलेल्या बायका बसल्या बसल्या झोपून जायच्या, तिला त्याचं काही नव्हतं.

वाचता यायचं नाही तिला. पण बायबलमधली स्तोत्रं ऐकून ऐकून पाठ, 23वं तर सगळ्यांनाच येतं, हिला डोंगरांकडे डोळे लावायचं 121वं जास्त आवडायचं. चर्चच्या पाळकसाहेबांनी वाचताना एखादी ओळ गाळली की बायकांच्या बाजूने आवाज यायचा, "साहेब, मधलं राहिलं." नवीन पाळक आले की पहिले दोन-तीन महिने घाबरूनच वाचायचे.

भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात, तो प्रभूचा. तांदूळ उधारीवर आणलेला असला तरी. यावरून आजोबांशी जाम भांडणं झालीत आणि खरं सांगू, मला आजोबांचं पटायचं.

फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातला पहिलाच. पोल्ट्रीतल्या सोडा, आजूबाजूच्या गावांतल्या घरच्या कोंबड्या पण मारल्या. मायने एक कोंबडी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, अर्पणाला ठेवलेली, आमच्याकडे धान्य, भोपळे, अंडी, कोंबड्या असं सगळं येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. टीम दारात आली तर ही म्हणते, बाकीच्या न्या, ही माझी नाहीये, प्रभूची आहे. कोण ऐकणार. त्या रविवारी कोंबडीऐवजी तुरीची डाळ घेऊन गेली, जात्यावर भरडलेली, आणि लिलावात बोली कमी लागली म्हणून तिथेच चिडली, नवापूरची डाळ आहे, एवढ्यात देता का रे!

चिंचपाड्याला 1942 पासून मिशनचं हॉस्पिटल आहे. गावात कुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या की सोबत ही. आमच्या चर्चच्या मंडळीतली असो नसो, काही फरक नाही. रस्त्याने अर्धा वेळ प्रार्थना, अर्धा वेळ जीपवाल्याशी भाड्यावरून वाद. त्या बायका, त्यांची आता मोठी झालेली पोरं, मातीला सगळे आलेले, अर्ध्यांना आम्ही ओळखत पण नव्हतो.

गुडघे गेल्यावर महिला मंडळ दर बुधवारी आमच्या ओट्यावर भरायचं. ते अजून तिथेच भरतं. प्रार्थना आता काकू चालवते, डबा पण तीच भरते, फक्त पाळकसाहेबांना टोकायची हिंमत तिला अजून झालेली नाही.