रागवायचं कुणावर?

(इंदूरच्या रामबागेत मल्लखांब शिकणारी मुलं आणि त्यांचे पालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)

मघाशी एका काकूंनी विचारलं, "मल्लखांबाच्या पोरांना बर्फावरच्या गोष्टी कशाला?" रास्त प्रश्न आहे. आपल्या इंदुरात बर्फ दिसतो तो सराफ्यात, तोही गोळ्याचा. पण बघा, धावण्यात घड्याळ निकाल देतं. मल्लखांबात आणि फिगर स्केटिंगमध्ये, म्हणजे बर्फावर घसरत केलेल्या नाच-कसरतीत, माणसं बसून गुण लिहितात. माणूस आला की कुरबुर आलीच.

2002 चं सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक घ्या. जोडी स्केटिंगमध्ये रशियाच्या एलेना बेरेझ्नाया आणि अँटोन सिखारुलिद्झे यांना सुवर्ण, कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेतिए यांना रौप्य. नऊ पंचांपैकी पाच इकडे, चार तिकडे. एका उडीनंतर सिखारुलिद्झेचा पाय डगमगला होता, कॅनडाची जोडी स्वच्छ खेळली होती. प्रेक्षक भडकले. फ्रेंच पंचबाईंनी आधी आपल्यावर दबाव होता असं सांगितलं, मग शब्द फिरवला. सहा दिवसांत कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण मिळालं.

त्या दुसऱ्या पदकदानाला रशियन जोडी आली आणि चौघंही एकाच चौथऱ्यावर उभी राहिली. मला हे फार मोठं वाटतं. बेरेझ्नायाचं बघा ना. 1996 मध्ये सरावात आधीच्या जोडीदाराच्या स्केटचं पातं तिच्या डोक्यात घुसलं होतं. ती बोलायलासुद्धा नव्यानं शिकली. अशा मुलीच्या पदकावर जगभर शंका, आणि गुण काही तिनं लिहिले नव्हते!

मग तक्रारच करायची नाही का? जरूर करा. त्या बोभाट्यामुळेच सहापैकी गुण द्यायची जुनी पद्धत गेली. (पुढे कुठल्या पंचानं किती गुण दिले हेच झाकून ठेवू लागले. ही मला शुद्ध पळवाट वाटते. 2016 मध्ये ती बंद झाली.) 2014 ला सोचीच्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाची किम युना 219.11 गुणांवर थांबली आणि रशियाच्या अडेलिना सोत्निकोवाला 224.59 मिळाले, तेव्हा कोरियानंही रीतसर तक्रार केली. ती फेटाळली गेली. किम मात्र निकालावर भांडत बसली नाही.

आता माझी गोष्ट. मी पंचाच्या खुर्चीत बसलेला माणूस आहे. एका स्पर्धेत आधीच्या मुलाचे गुण लिहायला मान खाली घातली आणि खांबावरच्या पोराची एक पकड माझ्या नजरेतून सुटली. तो थोडक्यात दुसरा आला. त्याच्या वडिलांनी लेखी अर्ज दिला, बरोबरच केलं. तो पोरगा त्या वेळी काय करत होता? पहिल्या आलेल्याला सगळ्यांपुढे पुन्हा चढून दाखवायचं होतं, तर हा खांबाला एरंडेल लावून देत होता. वरपासून खालपर्यंत, नीट, तळव्यानं. मग फडकं घेऊन हात पुसले आणि माझ्या टेबलावरून काही न बोलता गेला. मी त्याला हाक मारायला हवी होती. मारली नाही.

तेव्हापासून लिहिताना मी मान खाली घालत नाही. आकडे वेडेवाकडे येतात, शेजारचे पंच हसतात.