ऊब सांभाळण्याची नोकरी

नमस्कार, श्रोतेहो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. जुलैपेक्षा जवळजवळ ५० लाख किलोमीटर जवळ. आणि नेमकी त्याच आठवड्यात मी दोन जोड पायमोजे घालून, रजईतून फक्त नाक बाहेर काढून, ऑफिसला जावं की राजीनामा पाठवावा याचा विचार करत पडलेली असते. थंडी अंतरावर ठरत नाही, पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे ऊन तिरपं येतं आणि दिवस आखडतो, हे शाळेत शिकले आहे. पण सूर्य इतका जवळ येऊनही काही उपयोग नसावा, याचं वाईट वाटतंच.

थंडीत माझी नोकरी बदलते. पगार जुन्याच कामाचा मिळतो. पण सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत मी मन लावून करते ते काम एकच: ऊब मिळवायची, साठवायची आणि कुणी पळवू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून राखायची. ऑफिसचं काम हा त्यातला जोडधंदा. तुमच्यापैकी ज्या मुली सकाळी कुडकुडत घराबाहेर पडतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. इतरांसाठी थोडं सविस्तर सांगते.

पहिली चकमक गजराशी. आपण रोज ज्या वेळी उठतो, त्याच्या साधारण दोन तास आधी शरीराचं तापमान दिवसातलं सर्वांत खाली गेलेलं असतं. गजर वाजतो तेव्हा ते कुठे जरा चढू लागलेलं असतं. बाहेर अंधार. त्यामुळे झोपेचं संप्रेरक, म्हणजे मेलाटोनिन, अजून अंगातून हटलेलं नसतं. तेव्हा मला कुणी आळशी म्हणू नये, सर्व पुरावे माझ्या बाजूने आहेत. गजर पुढे ढकलायची सोय असलेलं घड्याळ अमेरिकेत १९५६ साली बाजारात आलं, आणि ढकललेला गजर नऊ मिनिटांनी पुन्हा वाजायची रीत पडली. ती आजही कितीतरी फोनमध्ये टिकून आहे. या नऊ मिनिटांत झोप काही लागत नाही, पण काटकसर फार सुचते. आज केस धुवायचे नाहीत, तेवढा वेळ वाचला. वरून स्वेटर असणारच, म्हणजे शर्टाची फक्त कॉलर इस्त्री केली तरी भागेल. बाह्यांचा विचार नऊ मिनिटांनी करू.

(कॉलरपुरत्या इस्त्रीचा एक धोका सांगून ठेवते. त्याच दिवशी ऑफिसात कुणाला तरी उबेची दया येते, हीटर लागतो, सगळे स्वेटर काढून बसतात. आणि तुम्ही घाम पुसत म्हणता, ‘नको, मला जरा कणकण वाटतेय.’)

अजून एक तक्रार. २२ डिसेंबर उलटला की लोक मोठ्या उत्साहाने सांगतात, ‘झालं, आता दिवस मोठा होणार.’ होतो ना. पण आधी संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय मात्र त्यानंतरही जानेवारीपर्यंत रोज थोडा थोडा उशिराच होत राहतो. म्हणजे सवलत जाहीर झाली ती ऑफिसातून परतणाऱ्यांसाठी. उठणाऱ्यांचं नाव यादीत नंतर.

अंघोळीबद्दल फार बोलत नाही. पाणी गरम असतं तोवर जग चांगलं असतं. नळ बंद केल्यावर अंगावरचं पाणी वाफ होऊन जाताना अंगातलीच उष्णता घेऊन जातं, आणि टॉवेल नेमका दाराच्या त्या बाजूला टांगलेला असतो.

मग कपडे. थरावर थर चढवून झाले की डोक्यातून लोकरी स्वेटर घालायचा, आणि इथे विजेचा संबंध येतो. गार हवेत बाष्प कमी मावतं. तीच हवा घरात तापवली की आणखी कोरडी पडते. कोरड्या हवेत लोकर केसांवर घासली की केसांवर विद्युतभार बसतो. सगळ्या केसांवर एकाच जातीचा भार, म्हणून ते एकमेकांना टाळू लागतात. आरशात पाहावं तर प्रत्येक केस स्वतंत्र विचारांचा. हात फिरवून बसवावेत तर हाताच्या मागे मागे उठतात. ओला हात फिरवला तर बसतात, पण तेवढा वेळ गार पाण्यात हात घालायची हिंमत ज्या दिवशी असते, त्या दिवशी मी लवकर उठलेली असते, आणि असे दिवस कमी.

हा भार केसांवर थांबला तर ठीक. तो अंगावर साठतो आणि ऑफिसच्या लिफ्टचं धातूचं बटण दाबताना बोटातून ठिणगीसकट बाहेर पडतो. असा झटका आपल्याला जाणवतो म्हणजे अंगावर निदान तीनेक हजार व्होल्ट साठलेले असतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण भार अगदी किरकोळ, म्हणून इजा होत नाही. फक्त अब्रू जाते, कारण लिफ्टमध्ये वरिष्ठ उभे असतात आणि तुमच्या तोंडून ‘आई गं’ निघून गेलेलं असतं. यावर एक उपाय आहे आणि तो खरंच चालतो: हातात किल्ली घट्ट धरायची आणि आधी किल्लीचं टोक धातूला लावायचं. ठिणगी किल्लीवर पडते, बोटाच्या टोकाला कळतही नाही. गेली काही वर्षं मी ऑफिसच्या प्रत्येक दाराला आधी किल्ली टेकवते. नवीन लागलेल्या मुलांना वाटतं, मी कुलूप शोधतेय.

रस्त्यावर निराळीच पंचाईत. फोनच्या काचेखाली विद्युत क्षेत्राची बारीक जाळी असते. बोट वीज वाहून नेतं म्हणून ते टेकलेलं त्या जाळीला कळतं. लोकरीचा हातमोजा वीज वाहून नेत नाही, त्यामुळे फोनच्या लेखी हातमोजा घातलेली बाई अस्तित्वातच नसते. बस कुठवर आली ते बघायचंय, हातमोजा काढायचा नाहीये, तर शरीराचा दुसरा कोणता भाग उघडा आहे? नाक. नाकाने फोन उत्तम चालतो. फक्त गर्दीत उभं राहून हे करताना आजूबाजूच्यांना वाटतं, पोरगी फोनची पापी घेतेय.

आणि नाकाचं एवढंच काम नाही. बाहेरची हवा फुप्फुसांत जायच्या आत तिला अंगाइतकी गरम आणि दमट करायची जबाबदारी नाकावर असते. गारठ्यात ते अंमळ जास्तच पाणी सोडतं, आणि ते पाणी कुठेतरी जाणार. डोळ्यांचंही तसंच. वाऱ्याने ते कोरडे पडतात, म्हणून पाझरतात. तर अशी मी, नाक लाल, डोळे भरलेले, हुंदक्यासारखा आवाज करत नाक ओढत आत शिरते. शेजारच्या टेबलावरच्या ताई लगेच खुर्ची ओढतात.

‘काय गं, काय झालं? घरी सगळं ठीक ना?’

‘काही नाही ताई, बाहेर वारा आहे.’

‘हो का. वारा.’ आणि पाठीवरून हात फिरवतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं काय बिनसलंय, यावर अख्ख्या मजल्याचं एकमत झालेलं असतं. हे होत असताना मला समोरचं काही दिसतही नाही, कारण गार चश्म्यावर आतलं बाष्प जमून दोन्ही काचा पांढऱ्या झालेल्या असतात. थंडीत आमच्या दाराशी चश्मेवाले चार-पाच जण नेहमी उभे असतात. कुणाची वाट पाहत नसतात, काच निवळण्याची पाहत असतात.

आता मुख्य रणांगण, ऑफिस. इमारतीतली हवा किती अंशांवर ठेवायची, यामागे एक जुना हिशेब आहे. १९४१ साली अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक काढलं. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला जितक्या कपड्यांत बरं वाटेल, ती ऊब एक क्लो. म्हणजे साधारण पुरुषाचा पूर्ण सूट. आणि बसलेलं शरीर किती उष्णता तयार करतं, याचा जो आकडा पुढे रूढ झाला, तो ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावरून घेतलेला. बोरिस किंग्मा आणि वाउटर व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की हाच आकडा बायकांना लावला तर तो ३५ टक्क्यांपर्यंत फुगलेला निघू शकतो. म्हणजे माझ्या खुर्चीवर कागदोपत्री एक सुटातला गृहस्थ बसलाय, आणि त्याला छान वाटतंय.

हा गृहस्थ कधी कधी प्रत्यक्षातही असतो. आमच्याकडे तो खिडकीशी बसतो आणि कानटोप्या घालून बसलेल्या आम्हा पाचजणींकडे बघून म्हणतो, ‘जरा कोंदट होतंय ना?’ त्याला बोलून काही उपयोग नसतो. त्याच्याशी हात मिळवला की कारण कळतं, हात गरमागरम. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी १९९८ साली तापमानं मोजली, तर बायकांचे हात पुरुषांपेक्षा सरासरी दीडएक अंश सेल्सिअसने गार भरले, आणि अंगातलं तापमान मात्र कणभर जास्तच. शरीर आधी आतले अवयव सांभाळतं, हातापायांना नंतर. माझी बोटं कीबोर्डवर चुकीची अक्षरं उमटवतात, त्याला हे कारण पुरेसं आहे असं माझं मत आहे. वरिष्ठांचं वेगळं आहे.

भिंतीवर तापमान बदलायची डबी असते. तिच्यापाशी येता-जाता प्रत्येकजण थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि बटण दाबतो. आम्ही वर, खिडकीवाले खाली. यावरून रुसवेफुगवे झालेत, समेट झालेत. मग एकदा दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने डबी उघडली आणि शांतपणे सांगितलं, की हिला तार जोडलेलीच नाही. लोकांचं समाधान व्हावं म्हणून अशा डब्या कित्येक इमारतींत बसवतात म्हणे. गंमत म्हणजे हे कळल्यावरही आम्ही बटण दाबतो. बरं वाटतं.

तर मग ऊब मिळवायची कुठून? चोरायची. माझ्याकडे ठिकाणांची यादी आहे. पहिलं ठिकाण प्रिंटर. लेझर प्रिंटरमधला रूळ पावडरीची शाई कागदावर वितळवण्यासाठी दोनशे अंशांच्या आसपास तापतो, त्यामुळे ताजा निघालेला गठ्ठा मस्त कोमट असतो. तो छातीशी धरून जागेवर यायचं. जानेवारीत माझे अहवाल लांबतात ते यामुळे. दुसरं ठिकाण मीटिंगची खोली. स्वस्थ बसलेला एक माणूस साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. दहा माणसं, दार बंद, म्हणजे किलोवॉटचा हीटर, तोही बिल न येणारा. एरवी ‘हे ईमेलवर झालं असतं’ म्हणणारी मी थंडीत हात वर करून विचारते, ‘सर, मागच्या तिमाहीचा मुद्दा राहिला, तोही घ्यायचा का?’ सरांना मी फार होतकरू वाटते. मार्चमध्ये त्यांचा भ्रमनिरास होतो.

घरून काम असेल त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी कमरेच्या वर नोकरदार असते, खाली रजई. हे बहुतेकींचं असतं, त्यात विशेष काही नाही. खरी कसोटी तेव्हा लागते, जेव्हा कुणीतरी म्हणतं, ‘मागच्या कपाटातली फाइल दाखवता का जरा?’ फाइल सापडत नाही, एवढंच सांगते.

संध्याकाळी बाहेर पडताना पुन्हा अंधार, आणि तेवढ्यात आईचा फोन.

‘स्वेटर घातलास?’

‘हो गं.’

‘सकाळी केस ओलेच घेऊन गेलीस ना? आवाज बसलाय तुझा. सर्दी होणार बघ.’

आता सर्दी विषाणूने होते, ओल्या केसांनी होत नाही, हे मी तिला कितीदा तरी सांगितलंय. त्यापुढचं सांगितलेलं नाही. सर्दीचे नेहमीचे विषाणू ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांच्या आसपास जास्त जोमाने वाढतात, आणि गारठलेल्या नाकात तेवढंच तापमान असतं. म्हणजे कान-नाक झाकून जा म्हणते त्यात तिचं थोडंफार तरी बरोबर निघू शकतं. हे तिला कळलं तर ओले केस, अनवाणी पाय, उघडी खिडकी, सगळ्याच जुन्या प्रकरणांचे निकाल फिरतील. आई, तू रेडिओ ऐकत असशील तर हा भाग नीट ऐकू आला नाही असं समज.

श्रोतेहो, अजून ओठ फुटण्याबद्दल आणि मागच्या वर्षीच्या जाकिटाच्या खिशात काय काय सापडतं त्याबद्दल बोलायचं होतं. पण इथे स्टुडिओत यंत्रं गार राहावीत म्हणून एसी जोरात लावलेला आहे, आणि जाकिटाची सळसळ माइकवर ऐकू येते म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्या दादांनी सुरुवातीलाच माझं जाकीट काढून घेतलंय. ते काचेपलीकडे बसलेत. अंगात त्यांच्या स्वेटर आहे, आणि मांडीवर माझं जाकीट.

दादा, झालं माझं. द्या ते इकडे.

नमस्कार.