किंगडोम: सिॲटलचे हरवलेले छत

२६ मार्च २००० च्या रविवारी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी अमेरिकेतील सिॲटल शहरात किंगडोम या स्टेडियमच्या काँक्रीटमध्ये भरलेली स्फोटके उडवली गेली आणि अवघ्या १६.८ सेकंदांत तो प्रचंड घुमट धुळीच्या लोटात नाहीसा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याला चोवीस वर्षे पूर्ण होणार होती.

सिॲटलमध्ये पाऊस रेंगाळतो. अशा शहराला मोठ्या व्यावसायिक संघांचे सामने हवे असतील, तर डोक्यावर छत हवे, हा विचार जुनाच होता. मात्र मतदारांनी असा प्रस्ताव १९६० आणि १९६६ अशा दोन वेळा फेटाळला होता. १९६८ मध्ये किंग काउंटीच्या, म्हणजे सिॲटल ज्या जिल्ह्यात येते त्याच्या, मतदारांनी ४ कोटी डॉलरच्या रोख्यांना अखेर मंजुरी दिली. पण जागेचा वाद मिटेना. दरम्यान १९६९ मध्ये शहरात आलेला पायलट्स हा बेसबॉल संघ एका जुन्या, तोकड्या मैदानावर एकच हंगाम खेळला, दिवाळखोरीत निघाला आणि मिलवॉकीला निघून गेला.

शेवटी रेल्वे स्थानकाजवळची सखल जमीन निवडली गेली. तिच्या शेजारीच चिनी, जपानी आणि फिलिपिनो कुटुंबांची जुनी वस्ती होती. सामन्यांच्या दिवशी येणाऱ्या मोटारींची गर्दी आणि वाढती भाडी आपल्याला इथून हुसकावून लावतील, ही तेथील रहिवाशांची भीती मुळीच अनाठायी नव्हती. नोव्हेंबर १९७२ मध्ये भूमिपूजनाचा समारंभ सुरू असताना वस्तीतील तरुणांनी घोषणा देत मंचावरील मान्यवरांच्या दिशेने चिखलाचे गोळे फेकले. बांधकाम थांबले नाही. पण त्या आंदोलनातून उभ्या राहिलेल्या संघटित दबावामुळे वस्तीतील वृद्धांसाठी घरे आणि आरोग्यसेवा मिळवण्याच्या कामाला बळ आले. किंगडोमचा इतिहास सांगताना हा प्रसंग सहसा दोन ओळींत उरकला जातो. माझ्या मते, ती वास्तू कोणाच्या दारात उभी राहिली हे कळल्याशिवाय तिची गोष्ट सुरूच होत नाही.

आता जरा वर पाहू. सुमारे २०१ मीटर व्यासाचे हे छत आतमध्ये एकाही खांबाच्या आधाराशिवाय उभे होते. रचना अभियंता जॅक ख्रिस्टियान्सन यांनी ते चाळीस वक्र पाकळ्यांमध्ये विभागले होते, आणि पाकळ्यांच्या सांध्यांवरील जाड फासळ्यांमधले काँक्रीटचे कवच जेमतेम अर्ध्या वितीएवढे, म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटर जाडीचे होते. पातळ कवचाचा एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नव्हता. एकूण खर्च मात्र ६ कोटी ७० लाख डॉलरवर गेला.

एप्रिल १९७६ मध्ये येथे झालेल्या पहिल्या सामन्यात फुटबॉलपटू पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळले आणि ५८ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. त्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलचा सीहॉक्स संघ आला, पुढच्या वर्षी बेसबॉलचा मरिनर्स. बास्केटबॉलचे सामने, धर्मसभा, संगीताचे कार्यक्रम असे सारे या एकाच छताखाली भरत असे. अडचण होती ती इथेच. अमेरिकन फुटबॉलचे मैदान लांबट आयत असते, तर बेसबॉलचे एका कोपऱ्यापासून पंख्यासारखे उघडत जाते. दोन्हींना सामावून घेणाऱ्या गोल वास्तूत अनेक खुर्च्या खेळापासून दूर आणि चुकीच्या दिशेला तोंड करून राहिल्या.

त्यात छत गळू लागले. दुरुस्तीसाठी वरचे आवरण खरवडून काढल्यावर पाणी आत मुरत गेले. १९ जुलै १९९४ रोजी, प्रेक्षकांना आत सोडण्याच्या थोडा वेळ आधी, आतल्या बाजूला लावलेल्या ध्वनिशोषक फरशांपैकी चार फरशा सुटून रिकाम्या खुर्च्यांवर कोसळल्या. दारे अर्धा तास आधी उघडली असती, तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. मरिनर्सना उरलेले सामने परगावी खेळावे लागले आणि दुरुस्तीचे काम सुरू असताना क्रेनच्या अपघातात दोन कामगारांचा मृत्यू झाला. सुटल्या होत्या त्या फरशा. घुमटाचे काँक्रीट जागच्या जागी भक्कम होते. हा फरक पुढच्या चर्चेत जवळजवळ विसरला गेला, याची खंत वाटते.

ऑक्टोबर १९९५ मध्ये याच छताखाली मरिनर्सच्या एडगर मार्टिनेझ यांच्या अकराव्या डावातील फटक्यावर त्यांचेच सहकारी केन ग्रिफी ज्युनिअर पहिल्या बेसपासून धावत, धाव पूर्ण होते त्या ‘होम’ बेसवर पोहोचले, न्यूयॉर्क यांकीज हरले आणि सारे स्टेडियम दणाणून गेले. त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने बेसबॉलसाठी स्वतंत्र मैदानाच्या निधीला मंजुरी दिली. १९९७ मध्ये मतदारांनी अमेरिकन फुटबॉलच्या नव्या स्टेडियमलाही थोड्या मतांनी होकार दिला. मरिनर्स १९९९ च्या जुलैमध्ये नव्या घरी गेले, आणि जानेवारी २००० मध्ये सीहॉक्सने येथील शेवटचा सामना मायामीकडून गमावला.

ख्रिस्टियान्सन यांच्या हयातीतच त्यांचा घुमट पाडला गेला. त्याच जागी उभे राहिलेले फुटबॉलचे नवे स्टेडियम २००२ मध्ये सुरू झाले. किंगडोमचे देणे मात्र चालूच होते. त्याच्या कर्जाचा अखेरचा हप्ता २०१५ मध्ये फिटला, तेव्हा नव्या स्टेडियममध्ये सीहॉक्सचे १३ हंगाम खेळून झाले होते.