रंगीत प्रिंटवरची झाक काढताना

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते 120 फिल्मच्या, म्हणजे रुंद रोल फिल्मच्या, रंगीत निगेटिव्हवरून घरच्या डार्करूममध्ये प्रिंट काढण्याबद्दल, आणि प्रिंटभर पसरलेली एखाद्या रंगाची नको असलेली छटा, म्हणजे झाक, काढण्याबद्दल. 6 बाय 6 सेंटिमीटरच्या कॅमेऱ्यात एका रोलवर 12 फोटो बसतात. एन्लार्जरला, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राला, 80 मिलिमीटरची लेन्स लावा. लहान फिल्मची 50 ची लेन्स या निगेटिव्हला पुरत नाही, प्रिंटचे कोपरे फिके पडतात.

रोल धुण्याचं गणित ठरलेलं आहे. सी-41 ही रंगीत निगेटिव्ह धुण्याची प्रक्रिया; तिचा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, 37.8 अंशांवर, 3 मिनिटं 15 सेकंद. बाटल्या आणि टाकी गरम पाण्याच्या टबात ठेवली की तापमान टिकतं.

खरी कसोटी कागदावर लागते. रंगीत कागदाला सगळेच रंग दिसतात, म्हणून कृष्णधवल कामाचा लाल दिवा इथे चालत नाही. पूर्ण अंधार हवा. तेव्हा कागदाचं पाकीट उघडण्याआधीच सगळं हाताशी मांडून ठेवा.

एन्लार्जरच्या उजेडाचे रंगीत फिल्टर असे ठेवा: पिवळा 50, मॅजेंटा (गडद गुलाबी) 50 वर, सायन (हिरवट निळा) शून्यावर. तिन्ही फिल्टर एकदम लावले तर नुसता उजेड कमी होतो. लेन्स एफ/8 वर ठेवून 5, 10, 15, 20 सेकंदांची टेस्ट स्ट्रिप, म्हणजे कागदाच्या एकाच पट्टीवर वेगवेगळ्या वेळेची चाचणी, काढा. आधी प्रिंटचा गडदपणा जमवा, मगच रंगाला हात घाला. फिक्या किंवा काळपट प्रिंटवर झाक ओळखताच येत नाही.

आता नियम नीट ऐका. प्रिंटवर जी झाक जास्त, तोच फिल्टर वाढवायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. निळा उजेड पडला की कागदावर पिवळा रंग तयार होतो. पिवळा फिल्टर तो निळा उजेडच अडवतो, म्हणून प्रिंटवरचा पिवळेपणा उतरतो. झाक लाल असेल तर पिवळा आणि मॅजेंटा दोन्ही वाढवा. हिरवी असेल तर मॅजेंटा कमी करा, निळी असेल तर पिवळा कमी करा. झाक पुसट असेल तर 5 अंकांनी, ठळक असेल तर 20 अंकांनी बदला. मॅजेंटा वाढवला की प्रिंट फिकी होते, वेळ थोडा वाढवावा लागतो. पिवळ्याने तितका फरक पडत नाही.

पण हा निवाडा ओल्या प्रिंटवर कधीच करू नका. ओला कागद निळसर भासतो. हेअर ड्रायरने वाळवा आणि दिवसा खिडकीपाशी नेऊन बघा. चेहऱ्यापेक्षा एखादी राखाडी भिंत किंवा सिमेंटचा रस्ता बघा, तिथे झाक लपत नाही.

आणि कागदाची कोरी कड आवर्जून तपासा. तिच्यावर उजेड पडलेलाच नसतो, ती पांढरीच हवी. ती गुलाबी किंवा पिवळट दिसली, तर फिल्टर कितीही फिरवा, उपयोग नाही. दोष रसायनात, जुन्या कागदात किंवा कुठून तरी शिरलेल्या उजेडात आहे. आरए-4 ही रंगीत कागद धुण्याची प्रक्रिया; तिच्या डेव्हलपरला 35 अंशांवर 45 सेकंद पुरतात. त्यानंतर डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ टाळून कागद थेट ब्लिक्समध्ये, म्हणजे ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेल्या रसायनात, घातला, तर डाग पडतात. ब्लिक्सचे थेंब डेव्हलपरमध्ये गेले तर डेव्हलपरच वाया जातो, म्हणून दोघांची भांडी आणि चिमटे वेगळे ठेवा.

प्रिंट जमली की तिच्या मागे मार्करने दोन्ही फिल्टरचे अंक, सेकंद आणि एफ नंबर लिहून ठेवा. त्याच रोलवर, त्याच उन्हात काढलेल्या पुढच्या फोटोला सुरुवात तिथूनच करता येते.