एक तोफगोळा, तीन निर्माण्या

भट्टीतून निघालेला पोलादाचा ठोकळा डोळे दिपवतो, आणि प्रेसखाली येईतो त्याचा रंग नारिंगी होतो. नागपूरच्या अंबाझरी आयुध निर्माणीत याच ठोकळ्याला मधोमध भोक पाडून, लांब खेचून आणि कातून तोफगोळ्याचे कवच तयार होते.

कवच अजून रिकामे आहे. त्याला तोफेतून फेकणारी दारू भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला बनते. सरकीला चिकटून राहिलेले कापसाचे आखूड तंतू नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात भिजवले जातात आणि मग उकळत्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतले जातात. कारण आम्लाचा अंश मागे राहिला, तर हाच माल कोठारात आपोआप पेट घेऊ शकतो. गोळ्याच्या पोटात स्फोटक भरण्याचे काम भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीचे. वितळलेले स्फोटक गार होताना आत पोकळी राहिली, तर गोळा नळीतच फुटण्याचा धोका असतो, म्हणून येथे घाई चालत नाही.

सरकार दारूगोळ्याचा साठा तो किती दिवस पुरेल यावरून मोजते. तीव्र युद्ध ४० दिवस चालेल असे धरून साठा ठरवलेला होता आणि २० दिवसांची किमान मर्यादा होती. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसही पुरणारे नव्हते. साठा मोजता येतो, पण तो संपल्यावर पुन्हा किती वेगाने भरता येईल, हे या तीन गावांतल्या यंत्रांवर आणि ती चालवणाऱ्यांच्या सरावावर ठरते. शांततेच्या काळात मागणी घटते, तेव्हा या यंत्रांचा आणि माणसांचा खर्च तोटा म्हणून नव्हे, तर साठ्याचाच भाग म्हणून धरला पाहिजे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी या निर्माण्या चालवणारे आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. अंबाझरी यंत्र इंडियाकडे गेली, तर भंडारा आणि चांदा म्युनिशन्स इंडियाकडे; म्हणजे कवच एका कंपनीचे, दारू आणि भरणी दुसरीची. साखळी मात्र एकच राहिली आहे, आणि तिचे मूल्यमापनही एकत्रच व्हायला हवे.

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले.

अंबाझरीच्या भट्टीतून पुढचा ठोकळा बाहेर येत आहे.